बोर्गहिल्डच्या सत्तरीचं गाणं

आमच्या तोर्वेवोगमध्ये माणसाचं लग्न ठरलं, पन्नाशी आली, साठी आली की त्याच्यावर गाणं लागतं. चाल जुनीच, सगळ्यांना येणारी. शब्द मात्र नवे, त्याच्या एकट्याचे. त्याची सारखी बंद पडणारी मोटरबोट, त्याचं हर्नियाचं ऑपरेशन, मुलगी पाहायला गेला आणि शेवटची फेरीबोट चुकून सासरच्यांकडेच मुक्काम ठोकला ते, असं सगळं त्यात येतं. कागद गुंडाळून, रिबिन बांधून ताटाशेजारी ठेवलेले असतात. सूप संपलं आणि मटण अजून यायचंय, एवढ्या वेळात सगळ्यांनी मिळून ते म्हणायचं. एखाद्याकडे केक नसला तर लोक समजून घेतात. गाणं नसलं तर गावाला कळतं की या माणसाचं आपल्यात कोणी नाही.

ही गाणी लिहायची बोर्गहिल्ड. सोसायटीच्या दुकानात चीज आणि मटणाच्या काउंटरवर ती उभी असायची. वयाप्रमाणे तिला निवृत्त करून, फुलं देऊन घरी पाठवलं होतं. पण तिच्या जागी आलेल्या मुलीला बकरीचं तपकिरी चीज धड कापता येईना, म्हणून पुढच्याच सोमवारी परत बोलावलं. लोक काउंटरवर येऊन अर्धा किलो चीज, चार सॉसेज आणि मेव्हण्याच्या साठीचं गाणं असं एका दमात मागायचे. ती कानावरची पेन्सिल काढून मटण बांधायच्या कागदावर माहिती उतरवून घ्यायची. मी धंद्याने प्लंबर. पण गावात पियानो वाजवणारा दुसरा कोणी नाही, त्यामुळे तिच्या प्रत्येक गाण्याला माझी बोटं लागलेली आहेत, आणि तिची बोलणी माझ्याइतकी कोणीही खाल्लेली नाहीत.

आमच्या भाषेत दोन शब्द शेजारी उभे राहिले की एकमेकांना चिकटतात. तिसरा आला तर तोही चिकटतो. फेरीवर तिकिटं फाडणारा माणूस म्हणजे एकच शब्द, फेर्गेबिलेटॉर. बोलताना काही अडत नाही. पहिल्या तुकड्यावर दणकून जोर, शेवटाकडे थोडासा, आणि मधलं मुकाट्याने वाहून जातं. पण हाच शब्द चालीत बसवायला घ्या म्हणजे कळेल. चालीला स्वतःचे ठेके असतात, त्यांना तुमच्या तिकिटवाल्याशी देणंघेणं नसतं. ठेका ‘फेर्’वर पडला तर तो आपला नेहमीचा गणवेशातला माणूस. ठेका ‘गे’वर पडला की तोच माणूस जिन्यावरून गडगडत खाली येतो.

बोर्गहिल्डच्या गाण्यात कधी कोणी गडगडला नाही. हे तिला शाळेने शिकवलं नव्हतं. लहानपणी ती बापाबरोबर होडीतून जाळी उचलायला जायची. बाप वल्ही मारताना लांबलचक शब्द म्हणायचा. माशांची नावं संपली की नातेवाइकांची, हुद्द्यांसकट. जोर असेल तिथे वल्हं ओढायचं, हलकं असेल तिथे मागे न्यायचं. तिने चुकीच्या अक्षरावर ओढलं की दोघांची वल्ही एकमेकांवर आपटायची आणि बापाचा हात तिच्या पाठीवर पडायचा. “मी भाषा पाठीवर शिकले,” असं ती सांगायची, आणि ते सांगताना तिला भारी अभिमान वाटायचा.

गाण्याच्या कागदावर ती लांब शब्द तोडून, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहायची, म्हणजे गाणाऱ्याला कळावं कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं. त्यात तिचा नियम खाटकाचा होता. सुरी सांध्यावरच लावायची. हाडावर मारणारा माणूस आळशी तरी असतो किंवा दारू प्यालेला तरी. पहिल्या सांध्यावर टाच, शेवटच्यावर चवडा. हे ती मला काउंटरच्या मागे बुटाने आपटून दाखवायची आणि तिकडे गिऱ्हाइकाच्या चीजचे काप जाड पडायचे. त्याबद्दल तक्रार करायची कोणाची छाती नव्हती.

तर अशा बाईपुढे आमच्या इंगवाल्ड मास्तरांना कवी व्हायची हौस आली. फौजदाराच्या पन्नाशीला त्यांनी परस्पर स्वतः गाणं लिहून आणलं. मास्तर शिकलेले, चांगली दोन-चार वर्षं मोठ्या शहरात राहून आलेले. दुसऱ्या कडव्यात फौजदाराची कचेरी आली. आमच्या भाषेत तोही एकच लांबलचक शब्द, आणि मास्तरांनी तो असा काही कोंबला होता की सगळा जोर मधल्या अक्षरावर. लोक बिचारे गात होते. एवढ्यात बोर्गहिल्ड काटा हातात घेऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, थांबव. मी थांबवलं. मग ती कानावरची पेन्सिल काढून टेबलामागून टेबल फिरली आणि प्रत्येकाच्या कागदावर ती ओळ खोडून नवी लिहून दिली. तोवर स्वयंपाकघरात मटणाचा वाळून कोळसा झाला. फौजदार म्हणाला, माझ्या कचेरीला इतकं कोणी जपलेलं मी पाहिलं नाही. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कानाला खडा लावला, आणि त्यांचं पाहून उरलेल्या गावानेही.

त्यानंतर गावात बोर्गहिल्डशिवाय कोणी एक ओळ लिहिली नाही. सगळ्यांची सोय झाली. मग एका वसंतात आमच्या लक्षात आलं की जूनमध्ये बोर्गहिल्डलाच सत्तर पुरी होतायत.

आमच्या आधी अर्थातच ते तिच्या लक्षात आलं होतं. तोंडाने ती काही बोलली नसती, मान तुटली तरी. पण मार्चपासून ती विचित्र वागायला लागली. कोणाच्या तरी बारशात एका पोरीने चार ओळी म्हटल्या, त्यात एकही शब्द जागेवर नव्हता, आणि बोर्गहिल्ड म्हणाली, गोड आहे. माझ्या हातातला कप सांडला. मग ती काउंटरवर येईल त्याला सांगायला लागली की हल्ली आपल्याला कमी ऐकू येतं. डावा कान गेलाच, उजवाही आज-उद्या जाणार, जोरबिर काही कळत नाही. मास्तरांना तर तिने हॅमचा शेवटचा तुकडा फुकट बांधून दिला आणि विचारलं, हल्ली काही लिहिता की नाही? मास्तर म्हणाले, नाही. आणि त्याच वेळी दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला कोणीतरी हळूच एक शब्द चुकीचा उच्चारला, तर बोर्गहिल्डची मान अशी गर्रकन वळली की तिच्या बहिरेपणावर विश्वास ठेवणारं कोणी उरलं नाही.

मला वाईट वाटत होतं. इतकी वर्षं ज्या बाईने गावातल्या प्रत्येक टिनपाट माणसाला गाण्यात बसवलं, ती स्वतःच्या सत्तरीला कोऱ्या ताटासमोर बसणार. आणि त्याला कारण लोकांची नावड नव्हती, भीती होती. मी दोघा-तिघांना सुचवून पाहिलं. एकाने मला उलट विचारलं, “तू लिही ना, हाल्वर.” मी म्हटलं, मला नळ येतात.

बोर्गहिल्डचा धाकटा भाऊ एन्ड्रे. हाच आमचा फेर्गेबिलेटॉर. दोघांनीही लग्नं केली नाहीत. आईबापांच्या घरात, धक्क्याच्या वरच्या अंगाला, दोघं एकत्र राहायची. एन्ड्रे दिवसभर फेरीवर “तिकीट” आणि “पुढे व्हा” एवढंच बोलायचा, आणि घरी आल्यावर तेवढंही नाही. सांगितलं तिथे जाणारा, दिलं ते खाणारा माणूस. सत्तरीची सगळी व्यवस्था आपण करणार असं त्याने जाहीर केलं तेव्हा बोर्गहिल्डने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला म्हणतात.

पण त्याने केली. गावचा हॉल सांगितला, केक सांगितला, मला पियानोला सांगितलं. मग तो गाण्यासाठी मास्तरांकडे गेला. मास्तरांचा जुना राग अजून निवला नव्हता. ते म्हणाले, गाणी लिहायचं मी सोडलं; या गावात गाणं हवं असेल तर बोर्गहिल्डकडे जायचं असतं, तुला माहीत नाही का? आता हे टोमणा म्हणून बोललेलं होतं, कोणाच्याही लक्षात आलं असतं. एन्ड्रेला टोमणे कळत नसत. तो तिथून निघाला तो सरळ सोसायटीत.

मी रांगेत त्याच्या मागेच होतो. माझ्या मागे फौजदाराची बायको आणि आणखी कोणी कोणी. एन्ड्रेची पाळी आली. बोर्गहिल्ड म्हणाली, “संध्याकाळसाठी सगळं आहे घरात. काय हवंय?”

“गाणं हवंय,” एन्ड्रे म्हणाला.

“कोणाचं?”

“सत्तरीचं.”

“सत्तरी कोणाची आहे?”

एन्ड्रेने बराच वेळ चीजकडे पाहिलं. मग म्हणाला, “तुझी.”

फौजदाराच्या बायकोने माझी बाही धरली. बोर्गहिल्डने सुरी पुसली, फडकं घडी करून ठेवलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मला वाटलं आता एन्ड्रेचं काही खरं नाही. पण आयुष्यभराची सवय माणसाला सोडत नाही. समोर गिऱ्हाईक होतं. तिचा हात आपोआप कानाकडे गेला, पेन्सिल आली, मटणाचा कागद आला.

“कडवी किती?”

“नेहमीची.”

“चाल?”

“सगळ्यांना येते ती.”

“उत्सवमूर्तीबद्दल काय सांगायचं?”

“चांगली आहे.”

“सत्तरीला सगळेच चांगले होतात,” बोर्गहिल्ड म्हणाली. “दुसरं काहीतरी सांग.”

एन्ड्रेने टोपी काढली. त्याला घाम आला होता. “कॉफी कडक करते,” तो म्हणाला. तिने लिहिलं. “रागीट आहे.” तेही तिने लिहिलं. “धुकं पडलं की फेरी उशिरा येते.”

“हे फेरीबद्दल झालं.”

“थांब ना जरा. फेरी उशिरा येते. आणि ती मासा टाकत नाही. पाणी तयार ठेवते, मीठ घालून, पण कॉड टाकत नाही. दोन तास झाले तरी नाही. बोट धक्क्याला टेकल्याचा आवाज आला की मग टाकते. मी चढ चढून घरी पोचतो तेव्हा झालेला असतो. दुसऱ्यांच्या घरी कॉडचा लगदा खातात, फेरीवर ऐकतो मी. मी कधी खाल्ला नाही.” एवढं बोलून त्याला धाप लागली. मग त्याने दोन शब्द शेजारी उभे केले आणि चिकटवले, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. “ती टॉर्स्केव्हेंटर आहे,” तो म्हणाला, धापेत सगळा जोर ‘के’वर टाकून. म्हणजे कॉड घेऊन वाट बघणारी.

बोर्गहिल्डची पेन्सिल थांबली. “असा शब्द नाही,” ती म्हणाली.

“आता आहे,” एन्ड्रे म्हणाला.

तिने मान खाली घालून लिहून घेतला. बराच वेळ लिहीत होती. एवढा काही लांब नव्हता तो. मग वर न बघता म्हणाली, “शुक्रवारी मिळेल. पुढचा कोण?” पुढचा मी होतो. मी काय घ्यायला आलो होतो ते मला काही केल्या आठवेना, म्हणून सॉसेज घेऊन आलो. घरी तीच पडून होती.

शुक्रवारी तिने गठ्ठा माझ्या हातात ठेवला. मी दुकानाबाहेर गाडीत बसून वाचला आणि परत आत गेलो. सगळी वाक्यं एन्ड्रेची होती. कॉफी, राग, धुकं, उशिरा येणारी फेरी, जशी तो काउंटरवर बोलला तशीच्या तशी, नुसती ओळींत कापलेली. आणि कापलेली कुठेही, हाडावर, मांसावर, जिथे सुरी पडली तिथे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो टॉर्स्केव्हेंटर, आणि चाल अशी की सगळा जोर ‘के’वर. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं किंवा कान खरंच गेले.

मी म्हटलं, “बोर्गहिल्ड, तिसऱ्या ओळीत अक्षरं जास्त होतायत. आणि हा शब्द पाठीवर आपटतोय.”

“मला मोजता येतं,” ती म्हणाली. “तू हळू वाजव म्हणजे झालं.”

सत्तरीला सगळा गाव लोटला. काहीजण तर केवळ काय होतंय ते बघायला आले होते, कारण काउंटरवरची गोष्ट फौजदाराच्या बायकोने त्याच दिवशी खाडीच्या दोन्ही किनाऱ्यांवर पोचवली होती. बाईने स्वतःचंच गाणं लिहिलंय, मग ते कसं झकास असेल, यावर सूप पिता पिता चर्चा चालू होती. स्वतःचं कौतुक माणूस किती कडव्यांत करतो, असं मास्तरांनी मोठ्याने विचारलं. बोर्गहिल्ड काळा पोशाख घालून आणि आईचं चांदीचं ब्रूच लावून मधल्या टेबलाशी बसली होती, ताठ. उत्सवमूर्तीने स्वतःच्या गाण्यात तोंड उघडायचं नसतं, नुसतं बसून ऐकायचं असतं, असा आमचा रिवाज आहे. तिच्या शेजारी एन्ड्रे, नव्या शर्टात, गळ्याशी आवळलेला.

रिबिनी सुटल्या. मी सुरुवात केली.

पहिल्या दोन ओळी लोकांनी भरवशावर म्हटल्या, बोर्गहिल्डचं गाणं म्हणून. तिसऱ्या ओळीला अर्धा हॉल पुढे गेला आणि अर्धा मागे राहिला. ‘टॉर्स-के-व्हेन-टर’ला तर साठ-सत्तर माणसं एका वेळी ठेचाळली. कोणी ‘के’वर पडलं, कोणी ‘टर’वर, एक म्हातारा शेतकरी नुसता “टॉर्स, टॉर्स” करत राहिला. दुसऱ्या कडव्याला लोक हसायला लागले. मी हळू वाजवलं, आणखी हळू वाजवलं, पियानो थांबायचाच काय तो बाकी राहिला. तिसऱ्या कडव्यात धुकं पडलं, फेरी उशिरा आली, पाणी उकळत राहिलं, आणि हसणं कमी होत गेलं. एका बाजूने बायका रुमाल शोधायला लागल्या. मला ओळी पाठ होत्या, म्हणून मी बोर्गहिल्डकडे पाहू शकत होतो. ती तशीच ताठ बसून ऐकत होती.

गाणं संपलं की कवीच्या नावाने ग्लास उचलायचा असतो. फौजदार उभा राहिला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि थबकला. बोर्गहिल्डच्या प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरात तिचं नाव असायचं, म्हणून मी तिथवर कधी वाचतच नसे. त्याने ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“शब्द, एन्ड्रे,” फौजदार म्हणाला.

सगळ्यांनी आपापले कागद पाहिले. तसंच होतं. मग ग्लास वर गेले, आणि एन्ड्रेला उभं राहावं लागलं. तो कॉलरपासून केसांपर्यंत लाल झाला होता. त्याने बहिणीकडे वाकून विचारलं, “हे मी लिहिलं?”

“मग कोणी?” बोर्गहिल्ड म्हणाली. “मी नुसतं उतरवून घेतलं.”

मास्तर उठले. इतक्या वर्षांनी त्यांची पाळी आली होती. ते म्हणाले की कवीचं अभिनंदन, परंतु भाषेच्या दृष्टीने एक नम्र सूचना, की शेवटच्या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर यायला हवा होता आणि ओळ थोडी बदलली तर ते सहज जमेल. त्यांनी खिशातून पेन्सिलसुद्धा काढली होती. आणि गंमत म्हणजे त्यांचं बरोबर होतं.

“मास्तर, बसा,” बोर्गहिल्ड म्हणाली. “माझ्या गाण्याला हात लावायचा नाही.”

मास्तर बसले. ती उभी राहिली. आभाराचं भाषण असेल म्हणून लोकांनी खुर्च्या वळवल्या. तिने ब्रूच नीट केलं, घसा खाकरला. तिचा आवाज कधी कापत नसे. त्या दिवशी कापला आणि तिने तो लपवलाही नाही.

“मी या गावात सगळ्यांवर गाणी लिहिली,” ती म्हणाली. “माझ्यावर कोणी लिहील असं मला वाटत नव्हतं. गाणं अगदी वाईट आहे. हाल्वर, पुन्हा वाजव.”

मटण स्वयंपाकघरात थांबलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी बोर्गहिल्ड रिवाज मोडून स्वतःच गायला लागली, सगळ्यांच्या वर आवाज काढून. शेवटचा शब्द आला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिने तो भावाने दिला होता तसा घेतला, आणि सगळा जोर ‘के’वर टाकला. तिच्यामागून सगळा हॉल तसाच गेला, मास्तरसुद्धा. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.